ब्राइटनरचे कर: लाल व्हिएन्नाच्या घरांना पैसा कुठून आला?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धात हरलेल्या, अन्नाला महाग झालेल्या ऑस्ट्रियाच्या राजधानीत ह्यूगो ब्राइटनर या समाजवादी नेत्याने कर्ज न काढता साठ हजारांवर घरं कशी बांधली? आणि १९३४ मध्ये हा प्रयोग बुडाला तो त्याच्या करांपायीच का?

उत्तराचा गाभा आधी सांगतो. ब्राइटनरचं कसब कराचा आधार निवडण्यात होतं. कर कशावर लावायचा, तो कोणाच्या खिशातून जाणार, कधी वसूल होणार आणि कशावर खर्च होणार, हे चारही मुद्दे त्याने प्रत्येक करासाठी वेगळे बसवले. प्रयोग मोडला तो मात्र जमाखर्चाच्या वहीत नव्हे. शहराच्या करांना मान्यता देण्याचा आणि केंद्रीय करांतला वाटा ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे राहिला होता, आणि केंद्र विरोधकांच्या हातात होतं. हे दोन धागे वेगळे ठेवले नाहीत तर ब्राइटनरबद्दलचा कुठलाही वाद भरकटतो.

ब्राइटनर ९ नोव्हेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात जन्मला. लेंडरबँकेत कारकून म्हणून लागला आणि संचालकपदापर्यंत चढला. त्याच काळात त्याने बँक कर्मचाऱ्यांची संघटना उभारली, म्हणजे बँकेच्या दोन्ही बाजू त्याला आतून माहीत होत्या. साम्राज्य कोसळल्यावर त्याने बँक सोडली आणि तो महापालिकेत आला. मे १९१९ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट पक्षाला १६५ पैकी १०० जागा मिळाल्या, याकोब रॉयमान महापौर झाले आणि शहराची तिजोरी ब्राइटनरकडे आली. या समाजवादी राजवटीतल्या शहरालाच 'लाल व्हिएन्ना' म्हणतात. १९२३ मध्ये रॉयमान जाऊन कार्ल झाइट्स आले, पण तिजोरी नोव्हेंबर १९३२ पर्यंत त्याच माणसाकडे राहिली. ओटो बाउअरसारखा तो पक्षाचा विचारवंत नव्हता. पण ताळेबंद वाचून नफा कुठे दडला आहे ते त्याला कळायचं, आणि त्या घडीला शहराला त्याचीच गरज होती.

त्याच्या हाती काय आलं ते पाहा. महायुद्धाआधी, महापौर कार्ल लुएगरच्या काळात, महापालिकेचं उत्पन्न तीन गोष्टींवर उभं होतं: घरभाड्यावरच्या सरकारी करावर शहराचा अधिभार, शहराच्या वेशीवर खाण्यापिण्याच्या मालावर घेतली जाणारी जकात, आणि गॅस, वीज, ट्राम या शहराच्या उद्योगांचा नफा. तिन्हींचा भार मुख्यतः सामान्य माणसावर. युद्धानंतर हे चालूही राहू शकत नव्हतं. १९१७ मध्ये सैनिकांच्या कुटुंबांना बेघर होऊ देऊ नये म्हणून भाडी गोठवली होती आणि त्यानंतर चलन कोसळलं. १९२२ मध्ये घसरण थांबवली तेव्हा एका सोन्याच्या क्राउनला १४,४०० कागदी क्राउन पडत होते. भाडं मात्र जुन्या आकड्याच्या आसपास अडकलेलं. अशा भाड्यावर अधिभार लावला तर वसुलीचा कागदही सुटला नसता.

इथे एक कायदेशीर पायरी समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं काहीच उलगडत नाही. १ ऑक्टोबर १९२० च्या राज्यघटनेने ऑस्ट्रिया संघराज्य झालं आणि व्हिएन्नाला घटक राज्याचा दर्जा मिळाला. भोवतालच्या लोअर ऑस्ट्रिया या राज्यापासूनची प्रत्यक्ष फारकत १ जानेवारी १९२२ पासून पूर्ण झाली. साध्या महापालिकेला राज्य जेवढे कर लावू देईल तेवढेच लावता येतात. व्हिएन्ना एकाच वेळी महापालिका आणि राज्य झाल्यामुळे तिची नगरपरिषद विधिमंडळ म्हणून बसून स्वतःचे करकायदे करू लागली. हे घडवून आणण्यात पक्षाचा कायदेपंडित रोबेर्ट डानेबेर्ग याचा मोठा हात होता. ब्राइटनरने आकडे मांडायचे आणि डानेबेर्गने त्यांना कायद्याचा साचा द्यायचा, अशी ती जोडी होती.

पण त्याच १९२२ मधल्या वित्तीय घटनेच्या कायद्याने केंद्र सरकारला राज्यांच्या करकायद्यांवर हरकत घेण्याचा अधिकार दिला, आणि केंद्रीय करांतला राज्यांचा वाटाही केंद्राच्या कायद्याने ठरू लागला. सुरुवातीला हे वाटप व्हिएन्नाच्या फायद्याचं होतं, कारण कर गोळा होणारी बरीचशी उलाढाल राजधानीतच होती. पुढे हाच वाटा विरोधकांचं हत्यार झाला.

आता करांकडे वळू. पहिली अडचण होती महागाई. भाव दर महिन्याला चढत असताना ठरावीक रकमेचा, वर्षाअखेरीला भरायचा कर म्हणजे शहराने करदात्याला दिलेलं फुकटचं कर्ज. त्यावर उपाय असा की कर टक्केवारीत लावायचा, व्यवहार होतो तिथेच कापायचा आणि थोड्या थोड्या मुदतीने वसूल करायचा. नाटकाचं तिकीट महागलं की करमणूक कर आपोआप वाढला, हॉटेलचं बिल वाढलं की खाद्यपेय कर वाढला, पगार वाढले की पगारावरचा कर वाढला. आकडा दर वेळी नव्याने ठरवायची गरज नाही. शिवाय जुनी कागदी क्राउनमधली देणी या महागाईतच जवळजवळ विरघळून गेली. हा नशिबाचा भाग होता आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. परकीय चलनाशी किंवा सोन्याशी बांधलेली देणी मात्र तशी सुटली नाहीत.

दुसरं तत्त्व असं की कराचा आधार डोळ्यांना दिसणारा असावा. उत्पन्न लपवता येतं; मोटार, शर्यतीचा घोडा, घरातले नोकर, बॉलरूमची तिकिटं, चौदा खोल्यांचं घर लपवता येत नाही. म्हणून मोटारींवर कर, घोड्यांवर कर, कुत्र्यांवर कर, जाहिराती आणि भित्तिपत्रकांवर कर, हॉटेलच्या खोल्यांवर कर, जमिनीच्या किमतीवर कर आणि जमीन विकताना झालेल्या वाढीवर वेगळा कर. घरनोकरांवरच्या कराची रचना तर नमुन्यादाखल अभ्यासावी अशी आहे. पहिल्या नोकराला पूर्ण माफी. दुसऱ्यापासून कर सुरू, आणि नोकरांची संख्या वाढेल तसा प्रत्येकामागचा दर चढत जाणारा. एक मोलकरीण ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय घराला काहीच झळ नाही, आणि राजवाड्यासारखी घरं चालवणाऱ्यांना मोठं बिल. खाद्यपेय करही सरसकट खाणावळींवर नव्हता. तो चैनीच्या उपाहारगृहांवर, बारवर, मोठ्या मिठाईवाल्यांवर बसवलेला होता, म्हणजे कोपऱ्यावरच्या स्वस्त खानावळीत जेवणारा त्यातून बाहेर राहिला.

या सगळ्यांत मोठ्या पैशाचा होता तो फ्युरसॉर्गे-आबगाबे, म्हणजे कल्याण-कर. मालकाने दिलेल्या एकूण पगारावर तो मालकानेच भरायचा. सर्वसाधारण धंद्यांना साधारण ४ टक्के आणि बँकांना त्याच्या दुप्पट. बँकांना दुप्पट का? महागाईच्या काळात सट्ट्यावर कोणी किती कमावलं हे ब्राइटनरला आतून ठाऊक होतं. शहराच्या कल्याण विभागाला लागणारा भक्कम पैसा या करातून आला. वर्तमानपत्रांनी ओरड केली ती कुत्रे, नोकर आणि शॅम्पेनवरच्या करांची, कारण तिथे टोचत होतं. पण रकमेत तोलून पाहिलं तर पगारावरचा कर आणि केंद्रीय करांतला वाटा कितीतरी जड होते.

ब्राइटनरने लोकांना समजावून सांगण्यासाठी एक हिशेब मांडला होता, तो फार गाजला. शाळांतल्या दंतचिकित्सालयांचा चालू खर्च डेमेल, गेर्स्टनर, स्लुका आणि लेमान ही चार मोठी मिठाईची दुकानं देतात. शाळेतल्या डॉक्टरांचा पगार झाखर हॉटेलच्या खाद्यपेय करातून निघतो. ग्रँड, ब्रिस्टल आणि इम्पीरियल या हॉटेलांच्या करातून मुलांचे मोफत पोहण्याचे तलाव चालतात. शहराचं प्रसूतिगृह तासावर खोल्या देणाऱ्या लॉजच्या करातून बांधलं आणि घोड्यांच्या शर्यतींच्या करावर ते चालतं. हे वाचून अनेकांचा समज होतो की प्रत्येक कर असा एकेका कामाला बांधलेला होता. ही तुलना होती: एवढी रक्कम इथून येते, तेवढाच खर्च तिथे होतो. पण करदात्याला 'माझे पैसे कुठे गेले' हे एका वाक्यात सांगणारा अर्थमंत्री विरळाच.

खरोखर एका कामाला बांधलेला कर होता वोनबाउश्टॉयर, म्हणजे गृहबांधणी कर. तो जानेवारी १९२३ मध्ये मंजूर होऊन १ फेब्रुवारीपासून लागू झाला. यावर थोडं थांबू, कारण ब्राइटनरचं सगळं डोकं इथे दिसतं.

महायुद्धाआधी व्हिएन्नातला कामगार कमाईचा पाचवा ते चौथा हिस्सा भाड्यात घालवायचा. भाडी गोठली आणि पैसा कोसळला तेव्हा भाड्याचा बोजा नाममात्र उरला. १९२२ च्या भाडेकायद्याने, जो केंद्राचा होता, ही स्थिती कायम केली. याचा अर्थ असा की घरमालकाकडून निसटलेली सगळी रक्कम भाडेकरूच्या खिशात राहिली. कामगाराच्या बाबतीत ती पोटाला लागत होती. पण रिंगश्ट्रासे या श्रीमंती रस्त्यावरच्या प्रशस्त घरात राहणारा कारखानदार, मोठं दुकान, मोठं कार्यालय यांचंही भाडं तितकंच शून्यावर आलं होतं. ही त्यांना कायद्याने मिळालेली फुकटची बचत होती. ब्राइटनरने तिच्यातला एक हिस्सा शहरासाठी परत घेतला.

आपल्याकडची घरपट्टी मालकावर असते. हा कर राहणाऱ्यावर होता, मग तो भाडेकरू असो वा स्वतः राहणारा मालक. आधार म्हणून १९१४ चं भाडं धरलं. हा निर्णय साधा दिसतो, पण त्यानेच निम्मं काम सोपं झालं. चालू भाडं निरर्थक होतं आणि लाखो जागांचं नव्याने मूल्यांकन करायला वर्षं लागली असती. १९१४ चं भाडं मात्र प्रत्येक जागेचं कागदोपत्री नोंदलेलं होतं, आणि त्यात त्या जागेचा आकार, वस्ती, दर्जा सगळं आलेलं होतं. त्यावर चढत्या दराने कर. राहती घरंच नव्हेत, दुकानं आणि कचेऱ्याही त्यात.

परिणाम आकड्यांत पाहा. सर्वांत स्वस्त सुमारे ५ लाख २८ हजार जागा, म्हणजे एकूण जागांच्या ८२ टक्के, मिळून कराचा २२-२३ टक्के भाग देत होत्या. सर्वांत महागड्या जेमतेम साडेतीन हजार जागा, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, एकट्या ४४-४५ टक्के देत होत्या. भागाकार करून पाहिला तर महागडी जागा साध्या घराच्या सरासरीने तीनशेपट कर भरत होती. तरीही कर सर्वांवर होता. कामगाराच्या दोन खोल्यांवरही किरकोळ रक्कम पडत होती, आणि माझ्या मते हे मुद्दाम केलेलं होतं: सगळे थोडं तरी भरतात, म्हणून घरं सगळ्यांची.

या कराचा पैसा घरबांधणीबाहेर वळवता येत नव्हता, आणि लोकांना ते दिसावं याची तजवीज प्रत्येक इमारतीवर केली गेली. आजही व्हिएन्नाच्या उपनगरांत फिरलं तर दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत मजकूर दिसतो: व्हिएन्ना नगरपालिकेने गृहबांधणी कराच्या पैशातून अमुक ते अमुक वर्षांत बांधलं. पावती अशी भिंतीवर लावलेली असली की कराच्या विरोधकाला त्याच भिंतीसमोर उभं राहून बोलावं लागतं.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. बांधकामाचा सगळा खर्च या एका करातून निघत नव्हता. निम्म्याहून बराच कमी निघायचा. उरलेला भाग शहराच्या इतर उत्पन्नातून घातला जायचा. बांधणी कर हा कार्यक्रमाचा खात्रीचा पाया होता, इमारत त्याहून उंच होती.

आता कर्जाचा प्रश्न. शहराने घरांसाठी कर्ज काढलं नाही. चालू वर्षाच्या करातून बांधलं आणि तो पैसा परत मागितला नाही. असं का केलं हे समजायला एक कल्पित उदाहरण पुरे. घराला १०,००० शिलिंग (क्राउनच्या जागी आलेलं चलन) खर्च आला आणि कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं असं धरा. नुसतं व्याज वर्षाला ८०० शिलिंग, म्हणजे महिन्याला ६६ च्या वर. मुद्दल, दुरुस्ती, झाडलोट वेगळी. ही रक्कम भाड्यातून काढायची तर कामगार त्या घरात राहूच शकत नाही, आणि नाही काढायची तर दरवर्षीचं व्याज करातूनच भरायचं, म्हणजे कर चुकत नाही, फक्त सावकार मधे येतो. ब्राइटनरने सावकाराला मधे येऊच दिलं नाही. त्यामुळे भाड्यात फक्त देखभाल आणि चालू खर्च धरला गेला, आणि ते कामगाराच्या मजुरीच्या साधारण ४ टक्क्यांवर राहिलं.

यामुळे कर्जाचा तो सरसकट वैरी होता असं समजू नका. १९२७ मध्ये व्हिएन्नाने अमेरिकेच्या बाजारातून ३ कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं, पण ते स्वतः उत्पन्न देणाऱ्या कामांसाठी. ज्या कामातून पैसा परत येतो तिथे कर्ज, ज्यातून येणार नाही तिथे कर, ही रेषा तो काटेकोर पाळायचा. गॅस, वीज आणि ट्राम हे उद्योग त्याने नफा काढायच्या जागेवरून खर्च भागवण्याच्या पातळीवर आणले, कारण तिथला नफा म्हणजे गरिबाच्या दिव्यावरचा कर. अंदाजपत्रकही तो जपून मांडायचा: जमा कमी धरायची, खर्च पूर्ण धरायचा. वर्षअखेरीस शिल्लक उरली की विरोधक म्हणायचे, लोकांना लुबाडून पैसे साठवतो.

जमिनीचं गणितही याच चौकटीत बसलं. भाडी गोठल्यामुळे खासगी बांधकामात नफा उरला नव्हता, त्यामुळे मोकळ्या जमिनींना गिऱ्हाईक नव्हतं. जमिनीच्या किमतीवरचा आणि वाढीवरचा कर धरून ठेवणाऱ्याला नकोसा होत होता. अशा बाजारात शहर हा जवळपास एकमेव मोठा खरेदीदार होता, आणि त्याने स्वस्तात भरपूर जमीन घेतली. भाडेगोठवण, जमीनकर, बांधणी कर आणि व्याजमुक्त बांधकाम हे चारही दुवे एकमेकांना धरून होते. यातला एकच उचलून दुसऱ्या शहरात लावला की तो चालत नाही, आणि मग 'ब्राइटनरची पद्धत फसली' असं म्हटलं जातं.

या पैशात काय मिळालं? २१ सप्टेंबर १९२३ रोजी नगरपरिषदेने पाच वर्षांत २५,००० घरं बांधण्याचा ठराव केला. उद्दिष्ट मुदतीआधी गाठलं, म्हणून १९२७ मध्ये आणखी ३०,००० चा कार्यक्रम हाती घेतला. १९३४ पर्यंत आकडा साठ हजारांच्या पुढे गेला आणि शहराची सुमारे एक दशांश लोकसंख्या, दोन लाखांहून अधिक माणसं, त्यांत राहू लागली. सुरुवातीची घरं लहानच: बहुतेक ३८ चौरस मीटरची, काही ४८ ची, पुढे मोठे नमुने आले. लहान म्हणून आज नाक मुरडणाऱ्यांनी आधीची अवस्था पाहावी. १९१७ च्या पाहणीत व्हिएन्नातल्या दहापैकी नऊ लहान घरांना स्वतःचा संडास नव्हता आणि त्याहून अधिकांना घरात नळ नव्हता. मजल्यावरच्या बोळात एक सामाईक नळ असायचा, त्याला बासेना म्हणत, आणि तिथे रांग. नव्या घरात नळ आणि संडास दाराच्या आत आले. जुन्या नियमांनुसार भूखंडाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग बांधता येत होता. शहराने आपल्या वसाहतींसाठी निम्म्यावर मर्यादा आणली. १९३० मध्ये झाइट्स यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या, कार्ल एन या वास्तुविशारदाच्या कार्ल-मार्क्स-होफमध्ये तर पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागा बांधलेली आहे. त्यात १,३८२ घरं, एक किलोमीटरहून लांब, आणि सोबत दोन मध्यवर्ती धुलाईघरं, स्नानगृहं, बालवाड्या, दंतचिकित्सालय, वाचनालय, औषधाचं दुकान, आईसाठी सल्लाकेंद्र.

घरांबाहेरचा पैसा युलिउस टांडलर या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाकडे, म्हणजे आरोग्य आणि कल्याण विभागाकडे गेला. १९२७ पासून शहरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला कपड्यांचा मोफत संच मिळू लागला, आईबापांच्या कमाईची चौकशी न करता. व्हिएन्नाच्या कुठल्याही मुलाला वर्तमानपत्राच्या कागदात जन्म घ्यावा लागू नये, असं त्यामागचं घोषवाक्य होतं.

आता दोष. पहिला दोष मूळ रचनेतच होता: चैनीवरचे कर चांगल्या दिवसांत फुलतात आणि वाईट दिवसांत सर्वांत आधी सुकतात. मे १९३१ मध्ये क्रेडिटआन्श्टाल्ट बँक कोसळली, मंदी गडद झाली, मोटारी, मेजवान्या, हॉटेलं आटली. पगारावरचा कर तर याहून वाईट वागतो. बेकारी वाढते तेव्हा एकूण पगार घटतात, म्हणून कर घटतो. आणि नेमकी तेव्हाच कल्याणाची मागणी चढते. या कराने चालवलेल्या कल्याण खात्याला मोठी गंगाजळी लागते, आणि विरोधक ज्या शिलकीला नावं ठेवत होते ती खरं म्हणजे अपुरीच होती.

दुसरा दोष करमणूक कराचा. नाटकगृहांच्या मालकांची तक्रार अशी की कर तिकिटावर असला तरी रिकाम्या खुर्च्यांच्या रूपाने तो आम्हीच भरतो. या तक्रारीत तथ्य होतं. घोड्यांची शर्यत आणि गंभीर नाटक यांना एकाच कायद्याखाली आणलं की दरात कितीही फरक केला तरी वाद उरतो. तिसरा आरोप, खासगी घरबांधणी ब्राइटनरने मारली, हा मात्र त्याच्या माथी मारणं चूक आहे. लुडविग फॉन मिझेससारखे अर्थशास्त्रज्ञ भाडेनियंत्रणाविरुद्ध बोलत होते; पण भाडेकायदा केंद्राचा होता आणि तो उठवायची हिंमत विरोधी पक्षांच्या सरकारांनाही पटकन झाली नाही. गोठलेल्या भाड्यांत कोणताही खासगी बांधकामदार नवं भाड्याचं घर बांधणार नव्हता, बांधणी कर असो वा नसो. चौथी टीका डावीकडून यायची आणि ती मला अधिक वजनदार वाटते: स्वस्त घरामुळे कामगार कमी मजुरीत भागवू शकतो, म्हणून या धोरणाचा काही फायदा कारखानदारालाही मिळाला.

राजकीय हल्ला या दोषांची वाट पाहत थांबला नव्हता. 'ब्राइटनर-कर' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. तो ज्यू असल्यामुळे टीकेला ज्यूद्वेषाचं विष मिसळलेलं होतं. ऑक्टोबर १९३० मध्ये हाइमवेर या निमलष्करी दलाचा नेता श्टारहेमबेर्ग याने व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्स चौकात भर सभेत ब्राइटनरला 'आशियाई' म्हणत त्याचं डोकं धुळीत लोळलं पाहिजे अशी भाषा केली, आणि तेव्हा तो देशाचा गृहमंत्री होता.

मतदारांनी मात्र पाठ फिरवली नाही. १९२३ आणि १९२७ मध्ये पक्षाला १२० पैकी ७८ जागा, आणि मंदीच्या मध्यावर, एप्रिल १९३२ मध्ये, १०० पैकी ६६. करांनी लोक वैतागले असते तर हे आकडे असे दिसले नसते. पण केंद्रात बहुमत दुसऱ्यांचं होतं. १९३१ मध्ये केंद्रीय करांच्या वाटपाचा कायदा बदलून व्हिएन्नाचा हिस्सा कापला गेला. नोव्हेंबर १९३२ मध्ये ब्राइटनरने प्रकृतीच्या कारणाने पद सोडलं आणि डानेबेर्ग त्याच्या जागी आला. मार्च १९३३ मध्ये चॅन्सेलर डॉलफुसने संसद बंद पाडली आणि १९१७ च्या युद्धकालीन अधिकार कायद्याखाली वटहुकूम काढायला सुरुवात केली. त्यांतले काही थेट व्हिएन्नाच्या तिजोरीवर होते. शहराने घटना न्यायालयात दाद मागितली, तर मे १९३३ मध्ये आणखी एका वटहुकुमाने न्यायालयच निकामी केलं. ज्या घटनेने व्हिएन्नाला कर लावण्याचा हक्क दिला होता, तिच्यावर दाद मागायची जागाच उरली नाही.

१२ फेब्रुवारी १९३४ ला यादवी पेटली. सैन्याने कार्ल-मार्क्स-होफवर तोफा डागल्या, पक्षावर बंदी आली, झाइट्स यांना अटक झाली, निवडून आलेली नगरपरिषद बरखास्त झाली. सव्वा वर्षापूर्वीच निवृत्त झालेल्या ब्राइटनरलाही तुरुंगात टाकलं. पुढे त्याला देश सोडावा लागला. ५ मार्च १९४६ रोजी कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट इथे त्याचा मृत्यू झाला. डानेबेर्गला १९३८ मध्ये नाझींनी पकडलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये आउश्विट्झमध्ये मारलं.

म्हणून सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मंदीने उत्पन्न घटवलं, तरी शहर दिवाळखोर झालं नव्हतं. बांधणी मंदावली असती, दर बदलावे लागले असते, गंगाजळी वाढवावी लागली असती. पण चालू राहिली असती. ती बंद झाली कारण तिचा कायदेशीर आधार केंद्राने काढून घेतला, आणि शेवटी बंदुकीने.

आज कोणी ही पद्धत उचलू पाहत असेल तर एक फरक ध्यानात घ्यावा. १९४५ नंतर व्हिएन्नाने पुन्हा घरं बांधायला घेतली आणि पेंट्झिंग भागातल्या एका मोठ्या वसाहतीला ब्राइटनरचं नाव दिलं. पण पैशाचा आधार बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाने गृहबांधणीसाठी पगारावर वर्गणी लावली, साधारण १ टक्का, निम्मी मालकाची आणि निम्मी कामगाराची. ती वसुलीला सोपी आहे आणि २०१८ मध्ये दर ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे जाईपर्यंत देशभर सारखी होती, त्यामुळे एखाद्या शहराची कोंडी करून ती तोडणं अवघड होतं. मात्र तिचा दर सर्वांना एकच, त्यामुळे साडेतीन हजार जागांनी पंचेचाळीस टक्के भरण्याची जी किमया १९२३ च्या कराने केली ती यातून होत नाही. चढता दर हवा असेल तर आधार पगाराऐवजी राहत्या जागेचा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक जागेची १९१४ च्या भाड्यासारखी एक विश्वासार्ह, आधीच नोंदलेली किंमत हाताशी असावी लागते. बहुतेक शहरांत काम अडतं ते या नोंदीपाशी.